धोंड्याच्या महिन्यातलं सॉसेज बिस्किट

१७ मे, रविवार. सकाळी सहा.

आजपासून अधिक महिना. जावयाला घरी बोलावून वाण द्यायचं, धोंडे खाऊ घालायचे, तो महिना. आपल्याला जावई एकच. ऋषी. सहा वर्षं अमेरिकेत टेनेसीला होता, फेब्रुवारीत कायमचा परत आला. आमच्या शेफालीसकट. सध्या मुक्काम लोणी काळभोरला, त्याच्या आईवडिलांकडे. हे तात्पुरतं आहे.

आमच्या समोरचा फ्लॅट रिकामा आहे. मालक केदारला सांगून ठेवलंय, पंधरा जूनपर्यंत कुणाला देऊ नकोस, माझी लेक आणि जावई येतायत राहायला. त्याने विचारलं, काका, ते येतो म्हणालेत का? म्हटलं, म्हणतील. सगळी नोकरी परचेसमध्ये काढली. समोरच्याला काय हवंय हे मला त्याच्या आधी कळतं.

ऋषीला सॉसेज बिस्किट हवंय. तीन वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर मी त्याला विचारलं होतं, आज ब्रेकफास्टला काय? तो म्हणाला, सॉसेज बिस्किट. मी ते विसरलो नाही. हे बिस्किट चहाबरोबरचं नव्हे. तिकडे बिस्किट म्हणजे खारट, मऊ, पदर सुटलेला जाड पाव. तो गरम असताना मधोमध उघडायचा आणि आत मांसाची मसालेदार टिक्की घालायची. व्हिडिओ पाहिले. आपल्या आवाक्यातलं आहे.

निश्चय: वाण आणि धोंडे माझी बायको विजयमाला करेल. सकाळचा ब्रेकफास्ट माझा. सगळं घरी केलेलं. ऋषी खाणार, समोरचं दार बघणार, हो म्हणणार.

टार्गेट ७ जून, रविवार. तीन आठवडे म्हणजे भरपूर वेळ.

१८ मे, सोमवार.

विजयमालाला प्रोजेक्ट समजावून सांगितला. ती लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. मान वर न करता विचारलं, टिक्की कशाची? म्हटलं, मूळ रेसिपीत डुकराची, पण आपण कोंबडीवर भागवू. ती म्हणाली, अधिक महिन्यात या घरात अंडंसुद्धा उकडणार नाही, जावई टेनेसीचा असो नाहीतर थेऊरचा.

मी वाद घातला नाही. वाटाघाटीत पहिला नकार हा नकार नसतोच.

ओव्हन तपासला. आत दोन चाळण्या, रिकाम्या बरण्या आणि शेफालीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. सगळं काढून चालू केला. घरातले दिवे गेले. जुनं वायरिंग. ओव्हनचा दोष नाही.

२० मे, बुधवार.

नीट विचार केला. विजयमालाची बंदी स्वयंपाकघराला आहे. गॅलरी हे काही स्वयंपाकघर नव्हे.

संभाजीच्या मटणाच्या दुकानात गेलो. शटर अर्धं खाली. मला बघून तो उठूनच उभा राहिला. धोंड्याच्या महिन्यात तुम्ही कसे काका, घरी काही झालं का, असं काळजीने विचारलं. चिकनचा खिमा मागितला, आणि वर चरबी घाल म्हणालो. तो म्हणाला, चरबी काढा म्हणणारे रोज येतात, घाला म्हणणारे तुम्हीच पहिले.

पिशवी घेऊन घरी पोचेपर्यंत विजयमालाला कळलेलं होतं. नारायण पेठेत वर्तमानपत्र लोक उगाच घेतात. पिशवी चपलांच्या स्टँडवर राहिली, मीही थोडा वेळ तिथेच राहिलो. मग संभाजीकडे परत. त्याने परत घेतली.

मटेरियल रिटर्न. कारण: कस्टमर रिजेक्शन.

२१ मे, गुरुवार.

पर्यायी मटेरियल मंजूर केलं: सोयाबीनचे चंक. भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढले की हुबेहूब खिमा. विजयमाला म्हणाली, हुबेहूब भिजलेला पुठ्ठा. तिला दृष्टी नाही.

तिकडचे लोक आता सोयाच खातात. म्हणजे आपण एक पाऊल पुढेच आहोत.

२४ मे, रविवार.

पहिली ट्रायल बॅच.

व्हिडिओतली बाई एकच गोष्ट तीनदा सांगते: बटर थंडगार हवं. थंड बटराचे बारीक तुकडे पिठात राहिले तर पदर सुटतात. टेनेसीतल्या बाईला पुण्याचा मे महिना माहीत नाही. फ्रिजमधून ओट्यापर्यंत येईस्तोवर बटराचं तेल झालं. फ्रिज आणि ओटा यात दोन पावलं आहेत.

मग मार्ग काढला. एसी फक्त बेडरूममध्ये. बेडरूम ही आजपासून क्लीन रूम. एसी सोळावर, पलंगावर प्लास्टिक अंथरून परात मांडली आणि पीठ तिथे मळलं. कात्रज डेअरीचं ताक घातलं. विजयमाला दुपारी आडवी व्हायला आली. उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेली. जाताना दार लावून घेतलं, थंडावा जाऊ नये म्हणून. सहकार्य हळूहळू वाढतंय.

भाजायला कुकर वापरला. तळाला मीठ, शिट्टी काढून टाकली, लोक केक करतात तसं. बिस्किटं पिवळीधमक झाली आणि चव कपडे धुतल्यासारखी. विजयमालाने डबा बघून सांगितलं की कॉफीच्या बाटलीत सोडा नव्हता, पापडखार होता. मग त्या बाटलीवर कॉफी का लिहिलंय? ती म्हणाली, कारण त्यात आधी कॉफी होती. हा स्टोअर्सचा दोष आहे, प्रोसेसचा नाही. पदर मात्र सुटले होते. मला दिसले.

२६ मे, मंगळवार.

शेफालीचा फोन. सहज म्हणाली, आम्ही शुक्रवार-शनिवार बेंगळुरूला जातोय, दोन-तीन घरं बघायची आहेत. ऋषीच्या कंपनीचं ऑफिस तिथे आहे.

योग्यच आहे. कोणतीही खरेदी करताना किमान तीन कोटेशन घ्यावीत, हे मीच तिला शाळेत असताना शिकवलंय. बेंगळुरूची कोटेशनं आली की समोरचा फ्लॅट किती बरा हे आपोआप सिद्ध होतं. लेक माझी आहे.

विजयमालाला हे सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, चहा टाकू का?

२८ मे, गुरुवार.

अमेरिकन सॉसेजमध्ये सेज नावाचा पाला लागतो. मंडईत विचारलं, भाजीवाल्याने मला अळू दाखवला. नेटवर वाचलं की हा सेज तुळशीच्या कुळातला. कुळातला म्हटल्यावर प्रश्नच मिटला. गॅलरीतल्या वृंदावनातली मूठभर पानं खुडली आणि सोयात घातली. वास उत्तम.

आज द्वादशी होती. द्वादशीला तुळस खुडत नाहीत. मला हे माहीत नव्हतं. आता सगळ्या मजल्याला माहीत आहे.

टिक्क्या फेकून द्या असा आदेश निघाला. मी शांतपणे मुद्दा मांडला: तुळशीपत्र पडलं की त्याचा नैवेद्य होतो, आणि नैवेद्य फेकता येत नाही. विजयमाला क्षणभर निरुत्तर झाली. लग्नानंतर पहिल्यांदाच. मग म्हणाली, बरोबर आहे, प्रसाद आहे, तुम्हीच खा, सगळा.

रात्री जेवलो नाही. उद्याही बहुधा नाही.

३१ मे, रविवार.

चौथी बॅच. (तिसरीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कुकरची रिंग काढायची राहिली होती.)

यश. बाहेरून तांबूस, आत मऊ. टिक्कीत मिरी, लाल तिखट, ओवा आणि थोडा गोडा मसाला. गोडा मसाला व्हिडिओत नव्हता, पण हात आपोआप तिकडे गेला. एक बिस्किट मधोमध उघडून टिक्की घातली आणि विजयमालाला दिलं. तिने खाल्लं. म्हणाली, वाईट नाही.

पुण्यात याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं.

बेंगळुरूहून ते काल रात्री परतले. घरांचं काय झालं हे मी विचारलं नाही. घाई दाखवली की भाव जातो.

२ जून, मंगळवार.

आज अंघोळ करताना मोठा विचार सुचला. वाणात जावयाला जाळीदार वस्तू देतात. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक. का? तर जाळी असते म्हणून. तेहतीस नग. बिस्किट उघडलं की आत काय असतं? जाळी. तेव्हा तेहतीस सॉसेज बिस्किटं हेच वाण. शास्त्रात कुठेही बिस्किटाला मनाई नाही.

विजयमाला म्हणाली, अनारशांचं पीठ मी आठ दिवसांपासून करतेय, तांब्याच्या ताम्हनात माझे अनारसे असतील. तुमची वीट तुमच्या ताटात. म्हणजे परवानगी मिळाली. फक्त ताटाचा तपशील उरला.

ती असंही म्हणाली की शेफालीशी एकदा नीट बोलून घ्या. मी म्हटलं, बोलायचं कशाला, खाऊ घालतोय ना.

५ जून, शुक्रवार.

शेफालीची खोली साफ केली. ती खोली रोजच साफ असते. सहा वर्षं मी सकाळी ते दार उघडतो आणि संध्याकाळी लावतो. हवा खेळती राहावी म्हणून. दुसरं कारण नाही.

बरं, असेल दुसरं कारण. इथे कोण वाचतंय. मला ती समोरच्या दारात हवी आहे. सकाळी दूध घ्यायला बाहेर आलो की दिसली पाहिजे. एवढंच.

समोरच्या फ्लॅटच्या बेलचा आवाज बदलून घ्यायला केदारला सांगितलं. ती बेल फारच कर्कश आहे, शेफालीला आवडणार नाही.

७ जून, रविवार. पहाटे साडेचार.

क्लीन रूम सुरू. विजयमाला बाहेरच्या खोलीत झोपली आहे. कुकरच्या पाच खेपा लागतील. आज इतिहास घडतो.

७ जून. दुपारी चार.

जसं घडलं तसं लिहितो.

साडेआठला ते आले. शेफाली, ऋषी आणि गाडी चालवत त्याचे वडील, बद्रीनाथअण्णा. अण्णांना बोलावणं दुपारच्या जेवणाचं होतं. पण ते शेतकरी माणूस, साडेआठ म्हणजे त्यांची दुपारच. शालनवहिनींचे गुडघे दुखतात म्हणून त्या आल्या नाहीत. अण्णांची गाडी आमच्या गल्लीत शिरली आणि गल्ली संपली. तासभर कुणाचीही स्कूटर बाहेर पडली नाही. अण्णांना मी मनातून कॉम्पिटिटर समजतो. आठ खोल्यांचा बंगला आहे, अंगणात आंबा आहे. तिथून मुलांना सोडवून आणायचं होतं.

जोडीला पाटावर बसवलं. विजयमालाने ताम्हनातले अनारसे, वर दिवा, असं वाण दिलं. मग मी माझं ताट आणलं. तेहतीस सॉसेज बिस्किटं, गरम, रचून. मध्ये निरांजन. म्हटलं, ऋषी, ओळख पाहू.

ऋषीने ओळखलं. चेहऱ्यावर आनंद दिसेना. मी सांगितलं की तीन वर्षांपूर्वी तू बोलला होतास, मी लक्षात ठेवलं. त्याने एक उचललं, अर्धं खाल्लं. छान झालंय म्हणाला. उरलेलं अर्धं हातात धरून बसला. मुलगा सभ्य आहे, खोटं फार वेळ जमत नाही त्याला.

"बाबा, खरं सांगू का? तिकडे ऑफिसच्या वाटेवर एक पेट्रोल पंप होता. सकाळी फक्त तोच उघडा असायचा आणि तिथे फक्त हेच मिळायचं. चार वर्षं रोज गाडीत बसून खाल्लं. इकडे परत यायच्या कारणांमध्ये हेसुद्धा होतं."

मी म्हटलं, पण हे घरी केलेलं आहे. तो म्हणाला, हो, म्हणून तर अर्धं खाल्लं.

मग मी मुद्द्यावर आलो. खिशातून समोरच्या फ्लॅटची किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली. विजयमाला स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, धोंडे तळायला.

शेफाली म्हणाली, "बाबा, आम्ही बेंगळुरूला घर घेतलंय. तेराला निघतोय. तिकडेच राहायला जाणार हे मी तुम्हाला पाडव्याला सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मला आठवतं. मी श्रीखंड वाढत होतो. छान, म्हणालो होतो आणि तिला आणखी एक चमचा वाढला होता. मला वाटलं ती विचार करतेय. विचार बदलतात.

पुढे सगळे जेवले. धोंडे चांगले झाले होते असं म्हणतात.

एक गोष्ट नोंदवायची राहिली. या सगळ्या वेळात बद्रीनाथअण्णा ताटापाशी बसून होते. खालचे दात गेल्यापासून त्यांना भाकरी चावत नाही. ते बिस्किट उघडायचे, टिक्की आधी खायचे आणि पाव चहात बुडवायचे. किती खाल्ली ते मोजलं नाही. ताट मात्र दुपारी मोकळं होतं.

८ जून, सोमवार.

काही नाही.

९ जून, मंगळवार.

केदारचा फोन. उचलला नाही.

बेडरूम पुन्हा बेडरूम झाली. विजयमालाने प्लास्टिक धुऊन वाळत टाकलं. मी म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, हो. मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, दहा वेळा बोलले, तुम्ही कोटेशन कोटेशन करत होता. आणि मग म्हणाली, रिटायर झाल्यापासून तुम्हाला पहाटे शिट्टी वाजवत उठताना पहिल्यांदाच बघितलं, पुढे माझ्याने बोलवेना.

तरी आशा सोडलेली नाही. बेंगळुरूचं पाणी सगळ्यांना मानवत नाही.

१३ जून, शनिवार.

विमानतळावर सोडून आलो. शेफालीने मिठी मारली. मी तिला डब्यात आठ बिस्किटं दिली. सिक्युरिटीच्या आत जाताना तिने डबा हातातच धरला होता, बॅगेत टाकला नाही. हे चांगलं लक्षण आहे. कशाचं ते माहीत नाही.

घरी येऊन तिच्या खोलीचं दार लावलं. वारा फार होता.

१४ जून, रविवार.

सकाळी पावणेसातला बेल. दारात बद्रीनाथअण्णा, एकटे. हातात आंब्यांची पेटी. लोणीहून एवढ्या लांब आलात, काही काम होतं का, असं विचारलं. काम नाही म्हणाले. आत येऊन खुर्चीवर बसले आणि पेटी पायाशी ठेवली. मग विचारलं, ते तुमचं खारं पाव-टिक्कीचं हाय का?

केलं. बेडरूममध्ये न जाताच केलं. पदर सुटले नाहीत, त्यांना चाललं. दोन खाऊन झाल्यावर ते बोलले.

"आठ खोल्या हायेत, रामदासराव. पोरं होती तवर कळलं न्हाई. आता घर खायला उठतंय. शालन दिवसभर टीव्हीशी बोलती."

मी त्यांना आणखी एक वाढलं. कॉम्पिटिटरचाही माल पडून राहिलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निघताना ते जिन्यात थांबले. समोरच्या दाराकडे बघितलं. हा कुणाचा फ्लॅट, विचारलं. लिफ्ट आहे का, विचारलं. शालनवहिनींच्या गुडघ्याचा डॉक्टर इथून चालत जाण्यासारखा आहे, म्हणाले. मी सावधपणे सांगितलं की गाडी लावायला जागा नाही. ते म्हणाले, गाडी लोणीला ठेवू, हितं कुठं जायचंय, समोरच तर यायचंय.

१५ जून, सोमवार.

केदारचा फोन. म्हणाला, काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तुमच्याच माणसांना दिला. शब्द पाळला.

१२ जुलै, रविवार. सकाळी नऊ.

अण्णा आणि शालनवहिनी येऊन तीन आठवडे झाले. मी ही व्यवस्था तात्पुरती समजतो. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की अण्णा समोरच्या दारात उभे असतात, कानाला मफलर, हातात रिकामी ताटली. बिस्किटं रोज होत नाहीत असं मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंय. रोज होतात.

धोंडा संपला. आता घरात कोंबडी शिजवायला हरकत नाही. खऱ्या सॉसेजची परवानगी विजयमालाने स्वतःहून दिली. संभाजीकडून खिमा आणून एकदा केलं. अण्णा म्हणाले, आधीचंच बरं होतं, हे दाढेत अडकतंय.

आत्ता शेफालीचा फोन येऊन गेला. खूश होती. घर लागलं, गॅस मिळाला, खाली इडलीवाला आहे. म्हणाली, आम्हाला दोघांनाही तुम्हा सगळ्यांची फार काळजी वाटायची. आता तुम्ही समोरासमोर आहात, एकमेकांना बघता, ऋषी तर एकदम निर्धास्त झालाय. मग म्हणाली, "बाबा, मग दिवाळीला आम्ही नाही आलो तर चालेल ना? तिकिटं फार महाग आहेत आणि आता तुम्ही एकटे कुठे आहात?"

मी म्हटलं, चालेल. काय करणार, चालेलच म्हणालो.

अण्णांनी विचारलं, पोरगी काय म्हणती? सांगितलं, आपली काळजी मिटली म्हणते. त्यांनी हातातला पाव चहात बुडवून संपवला. मग ताटली पुढे केली. कुकरमध्ये एक उरलं होतं, ते अर्धं त्यांना दिलं आणि अर्धं मी खाल्लं.